टाके निघाले, रिपोर्ट चांगले, तरी आई थकलेलीच का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई ५२ वर्षांच्या. गाठींमुळे दोन वर्षं अंगावरून फार जात होतं, म्हणून पोटावर छेद घेऊन गर्भाशयाची पिशवी काढली, सोबत दोन्ही अंडाशयही काढले. त्याला आता तीन आठवडे झाले. टाके निघालेत, जखम कोरडी आहे, सर्जन म्हणाले ‘सगळं नॉर्मल’. तरी आंघोळ करून आल्या की त्या अर्धा तास आडव्या होतात. संध्याकाळी पोट आणि कंबर दोन्ही दुखतात. बाबा किडनीच्या धास्तीने दिवसा दुखण्याची गोळी घेऊ देत नाहीत. आत्याचं म्हणणं सव्वा महिना जागचं हलायचं नाही, तुमचं म्हणणं आता चालायला हवं. बीपीची आणि थायरॉइडची गोळी पूर्वीपासून चालू आहे. घर सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि दोन आठवड्यांवर नाशिकला घरचं लग्न आलंय.

मी भूलतज्ज्ञ आहे. ससूनमध्ये शिकले, पुढे पुण्यातच ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलं आणि आता बराचसा वेळ वेदनांच्या ओपीडीत जातो. त्यामुळे पेशंट टेबलावर असतानाही बघते आणि ‘सगळं नॉर्मल’ झाल्यानंतर कुरकुरत परत येतात तेव्हाही. आईंना मी तपासलेलं नाही, त्यांचे कागद पाहिलेले नाहीत, म्हणून काही उत्तरं ‘असं असेल तर तसं’ अशीच येतील. गोळ्यांचा कुठलाही बदल त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

तुम्ही विचारलंय दुखणं कधी थांबेल. पण तुमचं सगळं वाचल्यावर मला वाटतं, घरात दुखणं आणि थकवा एकाच गाठोड्यात बांधले गेलेत आणि सगळा घोळ तिथून सुरू झालाय. या दोन गोष्टी एकमेकींना वाढवतात हे खरं, पण त्यांची घड्याळं वेगळी. पोटाच्या ऑपरेशनचं दुखणं पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरतं. तिसऱ्या आठवड्यात स्वस्थ पडल्यावर फारसं काही दुखू नये. कूस बदलताना, खोकताना, उठताना ओढल्यासारखं व्हावं, इतपतच. थकवा मात्र सावकाश उतरतो. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे तो सहज राहतो, काहींना तीन महिनेही लागतात. घरचे जखमेकडे बघतात, जखम भरली की माणूस बरा झाला असं धरतात आणि मग ‘अजून काय झोपतेस?’ सुरू होतं. तेव्हा आंघोळीनंतर अर्धा तास पडावंसं वाटणं, एवढ्यावरून मी घाबरणार नाही. संध्याकाळी वाढणारं दुखणं आणि गोळ्यांचं वेळापत्रक याकडे मात्र बघावं लागेल.

त्याआधी एक यादी, कारण ही लक्षणं असतील तर खालचं काही वाचत बसू नका. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर. जखम लाल, गरम, किंवा तिच्यातून पाणी वा पू. अंगावरून लालभडक रक्त किंवा घाण वासाचा स्राव (थोडासा तपकिरी स्राव पाच-सहा आठवडे चालतो, तो वेगळा). लघवी नकळत गळत राहणं, किंवा एका कुशीत पाठीकडे दुखून ताप येणं. पिशवीच्या ऑपरेशनमध्ये किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी अगदी शेजारी असते, म्हणून हे मुद्दाम विचारते. पोट फुगून उलट्या. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी सर्जनकडे जायचं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तरीही त्याच दिवशी, कारण पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका ऑपरेशननंतर काही आठवडे असतो. आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनाफोनी करत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि इमर्जन्सी गाठायची.

हे काही नसेल तर दिशा बघायची. आजची तुलना कालशी केलीत तर रोज वेगळं उत्तर मिळेल. या मंगळवारची तुलना मागच्या मंगळवारशी करा. आठवड्यागणिक दुखणं कमी, थोडं चालणं जास्त, एवढं दिसत असेल तर गाडी रुळावर आहे. कमी होत आलेलं दुखणं उलट वाढायला लागलं तर मात्र कितवाही आठवडा असो, दाखवायचं.

आता थकवा. शरीराच्या लेखी ऑपरेशन हा अपघातच असतो. भुलेमुळे तुम्हाला कळत नाही, पण शरीराला सगळं कळतं. कॉर्टिसोल, अ‍ॅड्रिनलिन ही ताणाची हार्मोन वाढतात, दाह सुरू होतो, आणि जखम भरायला लागणारं प्रथिन शरीर स्वतःच्या स्नायूंमधून मोडून घेतं. त्यात अंथरुणावर पडून राहिलं की स्नायू आणखी झिजतात. किती? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात साठीपुढच्या निरोगी माणसांना १० दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतले सरासरी जवळजवळ एक किलो स्नायू गेले. तेही कुणाचं पोट न कापता. म्हणून ‘विश्रांती घेतेय तरी थकवा जात नाही’ असं पेशंट म्हणतात तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, विश्रांती म्हणजे नक्की काय करता? बऱ्याचदा उत्तर मिळतं, पलंग आणि टीव्ही.

१९९० च्या दशकात डेन्मार्कमधले सर्जन हेन्रिक केलेट यांनी हाच प्रश्न उलटा करून विचारला होता: ऑपरेशन नीट झालं असताना पेशंट आज घरी का जाऊ शकत नाही? उत्तरं साधीच निघाली. दुखतंय, मळमळतंय, उपाशी आहे, उठलेला नाही. मग दुखणं नीट आवरायचं, लवकर खायला द्यायचं आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवायचं, अशी पद्धत बसली. आज पुण्यातही अनेक रुग्णालयांत ती वापरतात. अडचण अशी, की हे सगळं डिस्चार्जपर्यंत होतं. घरी आल्यावर पुन्हा पलंग आणि पेज.

पण प्रत्येक थकवा या खात्यात टाकायचा नाही. आईंच्या बाबतीत चार गोष्टी मी आधी तपासेन.

पहिली आणि सगळ्यात मोठी, हिमोग्लोबिन. दोन वर्षं अंगावरून जात असलेल्या बाईच्या शरीरातला लोहाचा साठा खडखडीत असतो. ऑपरेशनपुरतं हिमोग्लोबिन वर आणतात, ऑपरेशनमध्ये थोडं रक्त जातंच, आणि बाई ८-९ वर घरी येते. सर्जनच्या दृष्टीने ऑपरेशन उत्तम झालेलं असतं, तेही खोटं बोलत नसतात. डिस्चार्जच्या कागदावर शेवटचा आकडा बघा. तो ऑपरेशनच्या आधीचा असेल तर आता नवा काढा, सोबत फेरिटिन (लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी). बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ९ च्या खाली असेल तर आंघोळीनंतर आडवं व्हावं लागण्याचं कारण तुम्हाला सापडलं. लोहाच्या गोळ्यांनी आकडा एक-दोन ग्रॅम वर यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि साठा भरायला पुढे तीनेक महिने, त्यामुळे आठवडाभर घेऊन ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. गोळीच्या मागे-पुढे तासभर चहा-कॉफी नको, लिंबूपाणी चालेल. पोटाला सोसतच नसेल तर शिरेतून लोह देता येतं, ते विचारा.

दुसरी गोष्ट, थायरॉइडची गोळी. हे मी इतक्या घरांत बघते की आता न विचारताच सांगते. ऑपरेशननंतर लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या नव्याने सुरू होतात आणि सकाळच्या चहाबरोबर सगळ्या गोळ्या तळहातावर घेऊन एकदम गिळल्या जातात. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला आतड्यात अडवतात. गोळी रोज पोटात जाते पण रक्तात पुरेशी पोचत नाही. तेव्हा उठल्यावर उपाशीपोटी थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर, चहा निदान अर्ध्या तासाने, आणि लोह-कॅल्शियम चार तासांनंतर. शक्यतो तीही एकत्र नकोत, एक दुपारी, एक रात्री. घोटाळा गेले तीन आठवडे चालू असेल तर वेळा सुधारून सहा आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करा, त्याआधी केलात तर आकडा फसवेल.

तिसरी, बीपी. ऑपरेशननंतर वजन थोडं उतरतं, जेवण अर्धं होतं, पाणी कमी प्यायलं जातं, आणि गोळी मात्र पूर्वीचीच. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का विचारा. येत असेल तर पाच मिनिटं आडवं असताना एकदा आणि उभं राहिल्यावर मिनिट-दोन मिनिटांनी पुन्हा बीपी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा त्याहून जास्त उतरला तर फिजिशियनला फोन करा. गोळी आपल्या मनाने बंद नको.

चौथी गोष्ट आपल्याकडे घरात कुणी तोंडाने काढत नाही. अंडाशय काढलेत. पाळी आपणहून जाते तेव्हा शरीराला सवय व्हायला काही वर्षं मिळतात, इथे ते एका दुपारीत झालं. रात्री अंगातून वाफा येणं, घामाने जाग येणं, पुन्हा झोप न लागणं, उगाच रडू येणं. अशी आठ-दहा रात्री मोडलेली बाई दिवसा थकणारच. आईंना एकटीला बसवून विचारा, बाबांसमोर बहुतेक ‘काही नाही गं’ म्हणतील. होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. यावर हार्मोनचे आणि बिनहार्मोनचे दोन्ही उपाय आहेत. कुठला चालेल ते त्यांच्या आजारांच्या आणि घराण्याच्या इतिहासावर ठरतं.

आता बाबांची किडनी, म्हणजे बाबांना वाटणारी आईंच्या किडनीची काळजी. ती निराधार नाही, चुकीच्या गोळीवर बसली आहे. दुखण्याच्या गोळ्या म्हणून जे आपण सरसकट बोलतो त्यात निदान तीन जाती आहेत. पॅरासिटामॉल ही पहिली. ठरलेल्या मात्रेत ती किडनीला त्रास देत नाही. जास्त झाली तर धोका यकृताला, आणि रोज दारू घेणाऱ्याला किंवा आधीच यकृताचा आजार असणाऱ्याला तो आणखी. दुसरी जात डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनवाली. सूज आणि दुखण्यावर उत्तम, पण पोट, बीपी आणि किडनी तिन्ही सांभाळून द्यावी लागते. त्यात आईंची बीपीची गोळी टेल्मिसार्टनसारखी असेल आणि तिच्यातच लघवी वाढवणारं औषधही असेल (आपल्याकडे अशा जोडगोळ्या भरपूर चालतात), तर त्या दोघांवर ही तिसरी बसली की किडनीवर खरोखर ताण येतो, विशेषतः जेवण-पाणी कमी असताना. तिसरी ट्रामाडॉलसारखी. किडनी ठीक असेल तर तिला इजा करत नाही, पण गुंगी, मळमळ आणि बद्धकोष्ठ देते. म्हणजे ‘थकवा’ म्हणून जे दिसतंय ते कधीकधी या गोळीचंच काम असतं.

म्हणून आज संध्याकाळी एक काम करा. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर मांडा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. पॅरासिटामॉल दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत लपलेलं असतं. असेक्लोफिनॅकच्या गोळीत ३२५ मिलिग्रॅम, ट्रामाडॉलच्या गोळीत ३२५, आणि शिवाय तापासाठी म्हणून ६५० ची वेगळी. दिवसभराची बेरीज करा. मोठ्या माणसासाठी वरची मर्यादा ४ ग्रॅम सांगतात. घरी, देखरेखीशिवाय, मी ३ ग्रॅमच्या वर जाऊ देत नाही, आणि वजन ५० किलोच्या खाली असेल तर त्याहून कमी.

मात्रा समजली की वेळ. आईंचा सध्याचा क्रम असा दिसतो: दिवसभर सोसायचं, रात्री असह्य झालं की गोळी घ्यायची. यात गोळीचा उपयोग फक्त झोपेला होतो. दिवसा दुखतं म्हणून त्या हलत नाहीत, खोल श्वास घेत नाहीत, जखम जपायला वाकून बसतात आणि वाकून चालतात. संध्याकाळपर्यंत कंबर आणि पोट दोन्ही ताठून जातात, मग दुखणं वाढतं. ऑपरेशननंतर आम्ही गोळी देतो ती पेशंटने हलावं म्हणून. तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांना दिवसातून दोन-तीनदा पॅरासिटामॉल पुरतं. त्यातली एक सकाळी, आंघोळीच्या आणि चालण्याच्या पाऊण-एक तास आधी. डॉक्टरांनी हो म्हटलं तर चार-पाच दिवस असं घड्याळाप्रमाणे करून पाहा, मग एकेक कमी करत जा. एवढं करूनही रोज ट्रामाडॉल लागत असेल तर तिसऱ्या आठवड्यात ते मला आवडणार नाही. पुन्हा तपासून घ्या.

दुखणं मोजायचं कसं? दहापैकी किती, असं आम्ही विचारतो खरं, पण आपल्याकडच्या बायका एकतर ‘दोन’ सांगतात नाहीतर ‘काय सांगू’. मी कामावरून विचारते. पोटावर उशी धरून जोरात खोकता येतं का? कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठता येतं का? एका दमात किती चालता? ही तिन्ही सुधारत असतील तर आकड्याला फार भाव द्यायची गरज नाही.

कंबरेबद्दल थोडं जास्त, कारण तुमच्या प्रश्नात ‘भुलेसाठी पाठीत दिलेल्या इंजेक्शनमुळे असेल का’ हेही आहे. भूलतज्ज्ञाला हा प्रश्न रिक्षावालेसुद्धा विचारतात. पाठीतल्या इंजेक्शनची सुई साधारण अर्ध्या मिलिमीटरचीच असते, औषधाचा असर काही तासांत संपतो. टोचलेल्या जागी दोन-चार दिवस दुखू शकतं. पुढे महिनोन्महिने कंबर दुखते ती त्या सुईने, असं काही अभ्यासांत आढळलेलं नाही. मग दुखते का? पोटाचे स्नायू हा कंबरेचा पुढचा आधार आहे. ते कापून शिवलेत, अजून नीट काम करत नाहीत, तर सगळं ओझं पाठीवर येतं. त्यात मऊ गादी, वाकून चालणं आणि लोळत टीव्ही. पाठ टेकेल अशी सरळ खुर्ची, आडवं असताना गुडघ्याखाली उशी, आणि पडल्यापडल्या गुडघे दुमडून हळूच बेंबी आत ओढत श्वास सोडणं, एवढ्याने बराच फरक पडतो. सर्जनची परवानगी घेऊन एखाद्या फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलवा. पट्टा बांधायचा तर चालताना, आधार वाटत असेल तरच, दिवसभर नको.

चालणं. इथे आत्या आणि तुम्ही दोघी अर्ध्या-अर्ध्या बरोबर आहात. सव्वा महिना आणि सर्जनचे सहा आठवडे जवळपास एकच मुदत आहे. त्या काळात बाईने जड उचलायचं नाही, चुलीपाशी उभं राहायचं नाही, तिला चांगलंचुंगलं खायला घालायचं, यात मला काही खोट दिसत नाही. तीन आठवड्यांच्या जखमेत मूळच्या पाव भागाइतकीच ताकद आलेली असते, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास. बाहेरचा गिलावा सुकला तरी आतली भिंत ओलीच असते. म्हणून चार-पाच किलोच्या वर काही नको. भरलेली बादली, पाच लिटरचा भरलेला कुकर, सकाळी पाणी आलं की भरायची पिंपं, गादी उचलून चादर खोचणं, भरपूर कणीक तिंबणं, हे सगळं त्यात आलं. पण न उचलणं वेगळं आणि न हलणं वेगळं.

घरातल्या घरात हॉल ते गॅलरी असं पाच-सात मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, इथून सुरू करा. बोलत बोलत चालता आलं पाहिजे एवढाच वेग. प्रमाण बरोबर आहे का ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. काल सकाळसारखंच वाटत असेल तर दोन मिनिटं वाढवा. जास्त दुखतंय किंवा उठवत नाही असं झालं तर एक तृतीयांश कमी करा, पण बंद करू नका. सगळ्यात जास्त पेशंट अडकतात ते चांगल्या दिवशी. बरं वाटलं म्हणून कपाट आवरलं, पोळ्या लाटल्या, मग दोन दिवस अंथरुणात. तिसऱ्या दिवशी पुन्हा बरं वाटलं, पुन्हा तेच. आईंच्या पिढीला हे सांगून पटत नाही, तेव्हा चांगल्या दिवशी त्यांच्यावर नजर ठेवा, वाईट दिवशी त्या स्वतःच पडून राहतील.

जिन्याला घाबरू नका. पोटाच्या ऑपरेशनला जिना वर्ज्य नसतो. गोळी घेतल्यानंतर तासाभराने, कठडा धरून, दिवसातून एकदा उतरायचं. खाली एक खुर्ची ठेवा. चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून दम खायचा, कुणीतरी एक पायरी मागे असावं. अंधारी येत असेल तर मात्र बीपी आणि हिमोग्लोबिन बघेपर्यंत थांबा. जमायला लागलं की सारसबागेत संध्याकाळी एक फेरी. तिथपर्यंत रिक्षाने जायचं तर खड्डे आणि स्पीडब्रेकरला पोटावर उशी. टेकडी इतक्यात नको, आणि स्कूटर सहा आठवड्यांनंतर, अचानक ब्रेक दाबून पाय टेकता येईल अशी खात्री झाल्यावर.

खाण्याचं. ऑपरेशननंतर मऊ भात, पातळ वरण, पेज, भाकरीचा चतकोर असं चालू असेल तर जखमेला लागणारं प्रथिन येणार कुठून? या काळात किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिन लागतं, म्हणजे ६० किलोच्या बाईला ७५ ते ९० ग्रॅम (किडनीचा आजार असेल तर आकडा डॉक्टरांकडून). वाटीभर घट्ट वरणातून सातेक ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा, १०० ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास. दर खाण्यात काहीतरी हवं: मुगाचं धिरडं, फुटाणे, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही, चालत असेल तर अंडी-मासे. आणि हो, दही-लिंबाने टाके पिकत नाहीत. वांग्यानेही नाही. टाके पिकतात जंतूंमुळे, आणि मधुमेह आटोक्यात नसेल तर जास्त. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू खुशाल द्या, पण लाडू म्हणजे जेवण नव्हे. लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होत नसेल तर कुंथू देऊ नका. पाणी, रात्री इसबगोल, आणि कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल.

थकव्याचं एक कारण मला कुठल्याच रिपोर्टात सापडत नाही, ते म्हणजे भेटायला येणारी माणसं. पेशंट सावरून बसते, साडी नीट करते, तीच ती कहाणी पुन्हा सांगते, आणि ‘चहा टाक गं’ म्हणत स्वतःच उठते. तासाभराची एक भेट म्हणजे तिच्या अर्ध्या दिवसाची शक्ती. पुण्यात राहता, पाटी लावायला लाजू नका: भेटीची वेळ ५ ते ६, चहा मिळणार नाही. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या-पाऊण तासाची, नाहीतर रात्र आणखी बिघडते.

छेदाभोवती बधिरपणा असेल तर काळजी नको, तो महिनोन्महिने राहतो, कधी थोडा कायमचाही. पण आग होणं, झिणझिण्या, विजेसारखी कळ, परकराची नाडी टेकली तरी सहन न होणं, हे नसेचं, म्हणजे मज्जातंतूचं दुखणं असतं. त्याला नेहमीच्या गोळ्या पुरत नाहीत, औषधं वेगळी असतात आणि लवकर सुरू केली तर चांगली लागू पडतात. तीन महिन्यांनंतरही दुखणं उरलं तर वैद्यकशास्त्र त्याला वेगळा आजार मानतं, पण नसेचं वाटत असेल तर तीन महिने थांबायचं कारण नाही. सहाव्या आठवड्याच्या तपासणीला हे मुद्दाम सांगा, नाहीतर ‘कसं वाटतंय?’ ‘बरंय’ एवढ्यावर भेट संपते.

राहिलं नाशिक. लग्नाच्या दिवशी पाच आठवडे झालेले असतील. मी ‘नाही’ म्हणणार नाही, पण आज ‘हो’ही म्हणणार नाही. निघायच्या चार दिवस आधी बघा: आई एका खेपेत जिना उतरून चढतात का, दुसऱ्या दिवशी सकाळी तितक्याच ताज्या असतात का, हिमोग्लोबिन १० च्या वर आहे का. तिन्ही असेल आणि सर्जनची हरकत नसेल तर जाऊ द्या. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आहे. पुढची सीट, पट्टा लावायचाच, पट्टा आणि पोट यांच्यामध्ये छोटी उशी, आणि दर तास-दीड तासाने गाडी थांबवून पाच मिनिटं चालायचं, पायात गुठळी होऊ नये म्हणून. आदल्या दिवशी पोचा, दुसऱ्या दिवशी परत निघा, त्याच दिवशी येऊन-जाऊन नको. मुहूर्ताला बसतील, जेवतील आणि खोलीवर जाऊन पडतील, हे यजमानांना आधीच फोन करून सांगा, म्हणजे कुणी त्यांना रुखवताच्या खोलीत उभं करणार नाही. बॅगा तुम्ही उचला. डिस्चार्जचा कागद आणि गोळ्यांची डबी आईंच्या पर्समध्येच राहू द्या, गाडीच्या डिकीत नको.